‘म्यूरल’ खरोखरच एका रात्रीत रंगवले गेले का?

कलासंग्राहक पेगी गुगनहाइम यांनी १९४३ मध्ये न्यूयॉर्कमधील आपल्या घराच्या प्रवेशदालनासाठी अमेरिकी चित्रकार जॅक्सन पोलॉक यांना एक भव्य चित्र काढायला सांगितले. तेच हे ‘म्यूरल’. सहा मीटर लांब आणि सुमारे अडीच मीटर उंच कॅनव्हास मावावा म्हणून पोलॉक यांनी आपल्या घरातली एक भिंत पाडली. पुढे कित्येक आठवडे ते कोऱ्या कापडासमोर नुसतेच बसून राहिले आणि मग एका रात्रीत त्यांनी चित्र पूर्ण केले, अशी आख्यायिका आहे.

तैलरंगाच्या गुणधर्मामुळे ही आख्यायिका तपासता येते. तैलरंग पाण्यासारखा बाष्पीभवनाने वाळत नाही. त्यातले तेल हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून हळूहळू घट्ट होते आणि त्याला बहुधा काही दिवस लागतात. लॉस एंजेलिसच्या गेटी संस्थेतील संशोधकांनी रंगाचे अतिसूक्ष्म नमुने घेऊन त्यांचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. ओल्या थरावर ओला रंग लावला असेल, तर दोन्ही एकमेकांत मिसळतात. खालचा थर वाळलेला असेल, तर मधली सीमारेषा स्वच्छ दिसते. ‘म्यूरल’मध्ये अशा स्वच्छ रेषा अनेक ठिकाणी सापडल्या, म्हणजेच चित्र एका रात्रीत पूर्ण झालेले नाही. मात्र अगदी तळाशी पिवळा, निळसर हिरवा, लाल आणि गडद तपकिरी हे चार पातळ रंग ओले असतानाच एकमेकांत मिसळलेले आढळले. पहिली मांडणी एकाच बैठकीत झाली असणे त्यामुळे शक्य वाटते, आणि मला या संशोधनातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. शिवाय पोलॉक यांनी काही ठिकाणी दुधातील केसीन या प्रथिनापासून बनवलेला, घराच्या भिंतींना देतात तसा पांढरा रंगही वापरला होता.

हे चित्र भिंतीवर न काढता कॅनव्हासवर काढावे, हा सल्ला फ्रेंच कलावंत मार्सेल द्युशाँ यांचा. त्यामुळेच गुगनहाइम यांना ते अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाला भेट देता आले आणि १९५१ मध्ये ते तिथे पोहोचले.

कापड ज्यावर ताणून बसवले होते ती मूळ चौकट कमकुवत असल्याने कापड मध्यभागी खाली ओघळत गेले. १९७३ मध्ये मेण व राळ वापरून त्याला मागून दुसऱ्या कापडाचे अस्तर लावण्यात आले आणि वरून वार्निश चढवण्यात आले. रंगाला आधार मिळाला खरा, पण ओघळ मात्र कायमचा पक्का झाला. नव्या काटकोनी चौकटीवर चित्राच्या कडा जुळेनात आणि काठाचे न रंगवलेले कापड दर्शनी बाजूला दिसू लागले.

जून २००८ च्या पुरात विद्यापीठाचे संग्रहालय पाण्याखाली गेले. त्याआधीच चित्र सुरक्षित जागी हलवले होते. पूरग्रस्त विद्यापीठाने ते विकावे, अशी सूचनाही पुढे आली. ती फळाला आली नाही, हे फार चांगले झाले. २०१२ मध्ये ते गेटीकडे गेले. तिथे संवर्धकांनी वार्निश काढले आणि ओघळलेल्या कापडाच्या वळणाबरहुकूम किंचित वक्र चौकट घडवली, त्यामुळे पोलॉक यांनी रंगवलेली कड पुन्हा चित्राची कड झाली. २०२२ पासून ते आयोवा विद्यापीठाच्या नव्या स्टॅनली संग्रहालयात आहे.