टंकनसंख्या आणि चलनातील दुर्मीळ नाण्यांचा संग्रह

एखाद्या टाकसाळीने विशिष्ट मूल्याची, विशिष्ट सालाची आणि विशिष्ट ठशाची एकूण किती नाणी पाडली, तो आकडा म्हणजे त्या नाण्याची टंकनसंख्या. या आकड्याच्या आधारे रोजच्या व्यवहारात दर्शनी किमतीला हाती येणाऱ्या नाण्यांतून कमी संख्येने पाडलेली नाणी वेचणे आणि ती जतन करणे ही नाणेसंग्रहाची एक स्वतंत्र शाखा आहे. प्राचीन नाण्यांच्या संग्राहकाला व्यापाऱ्याकडे किंवा लिलावाला जावे लागते. या शाखेतला संग्राहक मात्र दुकानातून परत आलेली मोड तपासतो, बँकेतून नाण्यांच्या पिशव्या आणतो, त्यांतील हवी ती नाणी काढून घेतो आणि बाकीची पुन्हा बँकेत भरतो. भांडवल जवळजवळ लागत नाही. लागतो तो साल, ठसा आणि टाकसाळीचे चिन्ह यांतील फरक ओळखणारा डोळा.

या छंदाचे आजचे सर्वांत परिचित उदाहरण ब्रिटनच्या ५० पेन्सच्या नाण्याचे आहे. सात बाजूंचे हे नाणे १४ ऑक्टोबर १९६९ रोजी चलनात आले, १९७३ पासून त्यावर प्रासंगिक चित्रे येऊ लागली आणि १९९७ मध्ये त्याचा आकार लहान करण्यात आला. लंडनजवळील क्यू येथील वनस्पती उद्यानाला २५० वर्षे पूर्ण झाली म्हणून २००९ मध्ये ख्रिस्तोफर ल ब्रन यांनी तयार केलेल्या चित्राचे एक नाणे निघाले. विल्यम चेंबर्स यांनी अठराव्या शतकात त्या उद्यानात उभारलेला चिनी पद्धतीचा पॅगोडा आणि त्याला वेढून चढणारी वेल असे हे चित्र आहे. ही नाणी फक्त २,१०,००० पाडली गेली. देशाच्या तेव्हाच्या लोकसंख्येशी ताडून पाहिले, तर साधारण तीनशे माणसांमागे एक नाणे असे हे प्रमाण पडते. तरीही कित्येक वर्षे ते इतर नाण्यांप्रमाणे निमूटपणे हातोहात फिरत राहिले. २०१४ मध्ये रॉयल मिंट या टाकसाळीने त्याच्या अल्पसंख्येकडे लक्ष वेधल्यावर वृत्तपत्रांतून त्याची चर्चा झाली, किंमत दर्शनी मूल्याच्या अनेक पटींनी वाढली आणि मागोमाग त्याच्या नकलाही बाजारात आल्या. २०१९ मध्ये पॅगोड्याचे हेच चित्र संग्राहकांसाठीच्या संचात पुन्हा वापरले गेले, परंतु त्या नाण्यावर २०१९ हे साल आहे आणि ते चलनात आलेले नाही. खरेदी करताना हा भेद न पाहिल्यास फसगत होते.

क्यूचे नाणे दुर्मीळ करावे असा कोणाचाही हेतू नव्हता, ही बाब समजून घेण्यासारखी आहे. चलनी नाणी किती पाडायची हे मुख्यतः बँकांच्या मागणीवर ठरते, संग्राहकांच्या आवडीवर नव्हे, आणि त्यामुळेच गाजावाजा न झालेले नाणेही अल्पसंख्य ठरू शकते. लंडन ऑलिंपिकनिमित्त २०११ मध्ये निघालेल्या ५० पेन्सच्या २९ नाण्यांच्या मालिकेत फुटबॉलमधील ऑफसाइडचा नियम आकृतीने समजावणाऱ्या नाण्याची संख्या सर्वांत कमी, म्हणजे ११,२५,५०० आहे. तिसरे चार्ल्स यांच्या नव्या मालिकेतील सामन माशाचे २०२३ सालचे नाणे तर केवळ २,००,००० आहे आणि त्याने क्यूच्या नाण्याचा पहिला क्रमांक घेतला. मात्र हे नाणे निघाले तेव्हा लोक नव्या राजाच्या नाण्यांची वाटच पाहत होते, आणि क्यूचे नाणे अनेक वर्षे कोणाच्या लक्षातही आले नव्हते. म्हणून संख्या जवळजवळ सारखी असली, तरी चांगल्या अवस्थेत टिकलेल्या नाण्यांचे प्रमाण दोन्ही बाबतींत सारखे राहील असे मानता येत नाही.

किती पाडली आणि किती उरली हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि नवशिक्या संग्राहकाचा सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. अमेरिकेच्या डेन्व्हर टाकसाळीतील १९५० सालच्या पाच सेंटच्या नाण्याची टंकनसंख्या २६,३०,०३० असून राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांची मुद्रा असलेल्या त्या मालिकेत ती सर्वांत कमी आहे. हा आकडा लवकर सर्वांना कळला, लोकांनी बँकेच्या गुंडाळ्याच्या गुंडाळ्या साठवल्या, १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत भाव चढत गेला आणि नंतर कोसळला, कारण कोरी, म्हणजे चलनात न वापरलेली, नाणी हवी तितकी मिळत होती. याच टाकसाळीचे १९१६ सालचे दहा सेंटचे नाणे २,६४,००० पाडले गेले. ते कोणी मुद्दाम राखले नाही, लोकांच्या खिशांत ते झिजत गेले, आणि आज त्याची सुस्पष्ट प्रत खरोखरच दुर्लभ आहे.

दुसरी अडचण वितळवलेल्या नाण्यांची आहे, आणि तिचा एक धागा थेट भारतापर्यंत येतो. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस भारतात कागदी नोटा देऊन चांदीचे रुपये मागणाऱ्यांची संख्या इतकी वाढली, की सरकारी तिजोरीतील चांदी अपुरी पडू लागली. त्या वेळी ब्रिटनला चांदी विकता यावी म्हणून अमेरिकेने १९१८ च्या पिटमन कायद्याखाली २७ कोटींहून अधिक चांदीचे डॉलर वितळवले, आणि त्यातील बहुतेक चांदी रुपये पाडण्यासाठी भारतात आली. कोणत्या सालाची आणि कोणत्या टाकसाळीची किती नाणी भट्टीत गेली याची नोंद ठेवली गेली नाही. त्यामुळे मॉर्गन डॉलर या अमेरिकेच्या जुन्या चांदीच्या डॉलरच्या मालिकेत छापील टंकनसंख्येवरून दुर्मीळता ठरवणे धोक्याचे ठरते. न्यू ऑर्लीन्स टाकसाळीचा १९०३ सालचा डॉलर ४४,५०,००० पाडला गेला होता, तरी तो बाजारात जवळजवळ दिसतच नसे आणि कोऱ्या प्रतीची किंमत प्रचंड मानली जाई; १९६२ मध्ये अमेरिकी कोषागारातून त्याच्या न उघडलेल्या थैल्या बाहेर पडल्या आणि ती किंमत पाहता पाहता उतरली. वितळली असे समजलेली नाणी प्रत्यक्षात तळघरात शाबूत होती.

भारतीय नाण्यांत हाच धडा १९११ सालच्या रुपयाने दिला आहे. पंचम जॉर्जच्या या पहिल्या रुपयावर राजाच्या वस्त्रावरील मानचिन्हात हत्तीची लहानशी आकृती होती. तिची सोंड इतकी आखूड दिसत होती, की लोकांना तो हत्ती न वाटता डुक्कर वाटला. मुसलमान प्रजेच्या भावना दुखावल्या, सरकारने नाणे मागे घेतले, आणि १९१२ पासून सोंड लांब व कान मोठे करून सुधारलेला ठसा वापरात आला. मुंबई आणि कलकत्ता येथील टाकसाळींनी मिळून सुमारे ९४ लाख रुपये पाडले होते, परंतु त्यांपैकी सुमारे ७ लाखच लोकांच्या हाती पोहोचले होते. बाकीचे वितळवले गेले. केवळ टंकनसंख्या पाहणाऱ्याला हे नाणे सामान्य वाटेल, आणि ‘पिग रुपी’ या नावाने संग्राहक ते का शोधतात याचा उलगडा त्याला होणार नाही. या राजाच्या रुपयांवर मागील बाजूस तळाशी असलेल्या कमळाखाली टिंब असल्यास नाणे मुंबईचे, नसल्यास कलकत्त्याचे, असा ओळखीचा नियम आहे. उरलेल्या चांदीच्या रुपयांतूनही पुष्कळ सराफांच्या मुशीत गेले. घरोघरी लक्ष्मीपूजनासाठी जपलेल्या रुपयांनी काही प्रती वाचवल्या, पण चिंचेने किंवा राखेने घासून लखलखीत करण्याच्या सवयीमुळे त्यांतील अनेकांचा मूळ पृष्ठभाग गेला. घासलेल्या नाण्याला संग्राहक कमी किंमत देतात, साल कितीही दुर्मीळ असले तरी.

नाण्यावरचे साल आणि आकड्याचे साल एकच असेल असेही नाही. नाणेटंचाईमुळे अमेरिकेत १९६४ सालचे ठसे पुढील दोन वर्षेही वापरले गेले, आणि संग्राहकांनी नाणी साठवू नयेत म्हणून १९६५ ते १९६७ च्या नाण्यांवर टाकसाळीचे चिन्हच दिले गेले नाही. भारतात आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च असल्याने एका वर्षाच्या उत्पादनात दोन सालांची नाणी येऊ शकतात. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या वार्षिक अहवालात चलनातील नाण्यांची संख्या मूल्यानुसार असते. टाकसाळ, साल आणि ठसा यांनुसार फोड त्यात नसते. साहजिकच आजच्या भारतीय नाण्यांच्या संग्राहकाला ब्रिटनमधील संग्राहकाप्रमाणे एका तक्त्यावर विसंबता येत नाही. सालाखालची चिन्हे, म्हणजे मुंबईचा हिरा, हैदराबादची चांदणी, नोएडाचे टिंब आणि कोलकात्याची चिन्हविरहित जागा, तपासून कोणत्या सालाचे कोणत्या टाकसाळीचे नाणे किती वेळा हाती येते याची स्वतःच नोंद ठेवणे हाच त्याचा खरा आधार आहे. प्रत्यक्ष निरीक्षणातून उभी राहिलेली अशी वही, माझ्या मते, अपुऱ्या आकड्यापेक्षा अधिक विश्वासार्ह असते.

टाकसाळी केवळ विक्रीसाठी जी नाणी मुद्दाम थोडी पाडतात, ती या शाखेत मोडत नाहीत. मोनाकोने अभिनेत्री आणि राजकुमारी ग्रेस केली यांच्या स्मरणार्थ २००७ मध्ये २ युरोची २०,००१ नाणी काढली. ती कायदेशीर चलन असली, तरी डबीतूनच विकली गेली आणि कोणाला दुकानातल्या मोडीत मिळण्याची शक्यता जवळजवळ नव्हती.

टंकनसंख्येचा सर्वांत वाईट उपयोग फसवणुकीसाठी होतो. भारतात ५ आणि १० रुपयांची वैष्णोदेवीची चित्रे असलेली २०१२ ची नाणी किंवा जुन्या छोट्या मूल्याची नाणी लाखो रुपयांना विकत घेऊ, असे दाखवणाऱ्या जाहिराती वारंवार फिरतात, आणि नंतर शुल्क, कमिशन किंवा कर या नावाखाली नाण्याच्या मालकाकडूनच पैसे उकळले जातात. या व्यवहारांत आपले नाव वापरले जात असल्याचे लक्षात आल्यावर रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर निवेदन काढून, आपण असे कोणतेही व्यवहार करत नाही, त्यासाठी शुल्क मागत नाही आणि कोणालाही तसा अधिकार दिलेला नाही, असे स्पष्ट केले. ३० जून २०११ पासून २५ पैसे आणि त्याखालील नाणी कायदेशीर चलन राहिली नाहीत, यावरून ती सगळी मौल्यवान झाली असा समज पसरवला जातो. वस्तुतः त्यांतील बहुतेक नाणी प्रचंड संख्येने पाडलेली आहेत आणि जुन्या डब्यांतून आजही सहज निघतात.