मिठाच्या पाण्यात थांबलेलं प्लॅटिनम

सुवर्णभस्म आणि तांब्याची कडी विकणाऱ्यांच्या जाहिरातींत एक युक्तिवाद हमखास सापडतो. ॲलोपॅथीवाले कॅन्सरला प्लॅटिनम देतात, संधिवाताला सोनं देत आलेत, मग आमच्याच धातूंना नावं का ठेवता? यातला पहिला भाग खरा आहे, आणि म्हणूनच पुढचा भाग सहज गळी उतरतो. दुसरीकडे केमोच्या कागदावर ‘सिस्प्लॅटिन’ हे प्लॅटिनमच्या औषधाचं नाव वाचून, मोबाइलवर शोधून, ‘अंगात धातू सोडणार म्हणे’ या विचाराने धास्तावलेले नातेवाईकही असतात. दोघांच्याही डोळ्यांसमोर अंगठीतला नाहीतर कड्यातला धातू असतो. औषधातला धातू मात्र सुट्या अणूंच्या रूपात असतो. प्रत्येक अणूला ठरावीक रेणू चिकटलेले असतात आणि ते कुठे पोचल्यावर सुटतात, त्यावर औषधाचा गुण ठरतो. सिस्प्लॅटिनमध्ये हे सुटणं आजूबाजूला मीठ किती आहे यावर चालतं. या औषधातली ही गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते, त्यामुळे ती जरा ऐसपैस सांगणार आहे.

आधी शोधाची हकिगत. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग नावाचे भौतिकशास्त्राकडून जीवशास्त्राकडे वळलेले संशोधक होते. पेशी विभागताना आत जे धाग्यांचं चित्र दिसतं, ते त्यांना चुंबकाभोवती लोखंडाचा कीस जसा मांडला जातो तसं वाटलं. मग विभाजनावर विद्युतक्षेत्राचा परिणाम होत असेल का? ते तपासायला त्यांनी ई. कोलाय जिवाणूंच्या द्रावणात प्लॅटिनमचे इलेक्ट्रोड बुडवून वीज सोडली. प्लॅटिनम निवडलं, कारण ते कशाशीच क्रिया करत नाही असा समज होता. वीज सुरू झाली आणि जिवाणूंचं विभाजन थांबलं. वाढ मात्र थांबली नाही. एकेक जिवाणू नेहमीच्या लांबीच्या ३०० पटींपर्यंत लांबला, सूक्ष्मदर्शकाखाली नुसते दोरेच दोरे दिसू लागले.

हा विजेचा प्रताप नव्हता. इलेक्ट्रोडचं प्लॅटिनम अगदी किंचित विरघळत होतं आणि जिवाणूंच्या खाद्यातल्या अमोनियम क्लोराइडशी त्याची संयुगं बनत होती. १९६५ साली हे ‘नेचर’मध्ये छापून आलं. त्या कुळातलं जे संयुग पुढे औषध म्हणून गाजलं, ते सिस्प्लॅटिन मिकेले पेरोने या इटालियन रसायनतज्ज्ञाने १८४०च्या दशकातच बनवलं होतं. आल्फ्रेड वेर्नर यांनी १८९३ साली त्याच्या रचनेचं कोडं सोडवलं होतं. म्हणजे औषध शंभरहून अधिक वर्षं बाटलीत पडून होतं, ते कशाचं औषध आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. १९६९ साली त्याने उंदरांमधल्या गाठी विरघळल्याचं प्रसिद्ध झालं आणि १९७८ साली अमेरिकेत त्याला औषध म्हणून परवानगी मिळाली. दरम्यान १९७४ साली इंडियाना विद्यापीठात लॉरेन्स आइनहॉर्न यांनी अंडकोषाच्या पसरलेल्या कॅन्सरवर ते इतर दोन औषधांसोबत वापरलं होतं. त्याआधी असा रोग झालेल्या दहा जणांत एखादाच वाचत असे. आज दहातले आठ बरे होतात. शरीरभर पसरलेला गाठींचा कॅन्सर केमोने कायमचा बरा होण्याची इतकी ठळक उदाहरणं फार थोडी आहेत.

आता त्या रेणूकडे वळू. सिस्प्लॅटिनचा रेणू सपाट आणि चौरस असतो. कॅरमबोर्डाच्या मध्यावर प्लॅटिनमचा अणू ठेवला असं समजा. चार भोकांपैकी शेजारच्या दोन भोकांत अमोनियाचे दोन रेणू आणि उरलेल्या शेजारच्या दोन भोकांत क्लोरीन. दोन्ही क्लोरीन एकाच बाजूला, हे महत्त्वाचं. हेच चार घटक घेऊन क्लोरीन समोरासमोरच्या कोपऱ्यांत बसवले की ट्रान्सप्लॅटिन तयार होतं. धातू तोच, वजन तेच, आणि औषध म्हणून त्याचा उपयोग शून्य.

यातला अमोनिया प्लॅटिनमला घट्ट धरून असतो. क्लोरीन मात्र क्लोराइड होऊन, म्हणजे मिठात असतो त्या रूपात, सोडून जाऊ शकतो, आणि त्याच्या जागी पाण्याचा रेणू येऊन बसतो. शुद्ध पाण्यात, शरीराच्या तापमानाला, ठेवलेल्या रेणूंपैकी निम्म्यांचा पहिला क्लोराइड साधारण दोन तासांत सुटतो. पण आपलं रक्त शुद्ध पाणी नाही, खारट आहे. त्यात दर लिटरमागे सुमारे १०० मिलिमोल क्लोराइड असतं. बाहेर एवढं क्लोराइड असलं, की सुटलेल्या क्लोराइडची जागा पुन्हा क्लोराइडच घेतो. त्यामुळे रक्तात हा रेणू बराचसा अखंड राहतो. तो पेशीत शिरला की चित्र पालटतं. पेशीच्या आत क्लोराइड जेमतेम ४ ते २० मिलिमोल असतं. तिथे गेलेला क्लोराइड परत येत नाही, त्याची जागा पाणी बळकावतं आणि रेणूवर धनभार येतो. हे पाणी एक प्रोटॉन टाकून हायड्रॉक्साइड बनलं तर ती जागा पुन्हा अडून बसते, म्हणून पेशीच्या आतली आम्लताही इथे लुडबुड करते. पण पाणी पाणीच राहिलं तर ते चटकन बाजूला होतं आणि प्लॅटिनमला नवा जोडीदार शोधता येतो.

हा जोडीदार म्हणजे ग्वानिन, डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक. ग्वानिनच्या सातव्या जागेवरचा नायट्रोजन डीएनएच्या रुंद खाचेत उघडा असतो. समोरच्या धाग्याशी जोडी जमवण्यात तो गुंतलेला नसतो. ऋणभारित डीएनएकडे धनभारित प्लॅटिनम ओढलं जातं आणि या नायट्रोजनला चिकटतं. मग दुसरा क्लोराइडही सुटतो आणि त्या जागी शेजारचा ग्वानिन पकडला जातो. डीएनएच्या एका धाग्यावरची लागोपाठची दोन अक्षरं अशी प्लॅटिनमने एकत्र बांधली जातात. ती एकमेकांपासून नॅनोमीटरच्या एक तृतीयांशाइतक्या अंतरावर असतात, आणि सिस्प्लॅटिनच्या दोन मोकळ्या जागांमधलं अंतरही जवळपास तेवढंच असतं. ट्रान्सप्लॅटिनच्या मोकळ्या जागा विरुद्ध टोकांना असल्याने त्याला ही गाठ मारताच येत नाही. डीएनएवर सिस्प्लॅटिनने केलेल्या बंधांपैकी सुमारे ६५ टक्के या ग्वानिन-ग्वानिन प्रकारचे असतात.

बांधलेल्या जागी डीएनए ३५ ते ४० अंशांत वाकतो. त्या वाकलेल्या कोपऱ्यात काही प्रथिनं येऊन बसतात, दुरुस्ती करणारी यंत्रणा अडते, प्रत काढणारी यंत्रणा ठेचकाळते आणि पेशी विभाजन थांबवते. रोझेनबर्ग यांचे जिवाणू विभागत का नव्हते, ते इथे कळतं. दुरुस्ती जमली नाही तर पेशी स्वतःला संपवते. अंडकोषाच्या कॅन्सरच्या पेशी या दुरुस्तीत कच्च्या असतात, म्हणून तिथे यश एवढं मोठं. पेशीत शिरलेल्या प्लॅटिनमपैकी फार तर एखादा टक्का डीएनएपर्यंत पोचतो आणि तेवढ्यावर हे सगळं घडतं.

ही मिठाची करामत केमोच्या वॉर्डात डोळ्यांनी बघता येते. सिस्प्लॅटिन सलाईनमध्ये, म्हणजे मिठाच्या पाण्यातच मिसळतात, कारण पिशवीतल्या क्लोराइडमुळे रेणू शिरेत जाईपर्यंत टिकून राहतो. शेजारच्या खाटेवर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा रुग्ण असेल तर त्याला बहुधा ऑक्सॅलिप्लॅटिन चालू असतं. तेही प्लॅटिनमचंच, पण त्यात क्लोराइडच्या जागी ऑक्सॅलेट असतं. सलाईनमधलं क्लोराइड ते उखडून काढतं, म्हणून हे औषध पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्येच द्यायचं असतं. धातू एकच, दोन पिशव्या, आणि अदलाबदल केली तर औषध बिघडणार. सिस्प्लॅटिनला ॲल्युमिनियमची सुई लागली तर ॲल्युमिनियम स्वतः विरघळतं आणि प्लॅटिनमचा काळा साका खाली बसतो. धातुरूपातलं ते प्लॅटिनम मग औषध राहत नाही.

सिस्प्लॅटिनचे त्रास खरे आहेत आणि ते झाकून ठेवू नयेत. उलट्या होतात, किडनीला इजा होते, हातापायांना मुंग्या येतात. कानांचं नुकसान बारीक, चिरक्या आवाजांपासून सुरू होतं आणि बहुतेकदा भरून येत नाही. किडनीसाठीच औषधाच्या आधी आणि नंतर भरपूर सलाईन देतात, मॅग्नेशियम बघत राहतात. उपचारानंतर कित्येक वर्षांनीही बऱ्या झालेल्या रुग्णांच्या रक्तात प्लॅटिनमचा अंश सापडतो.

त्यामुळे डोस किती आणि कसा, हा प्रश्न फार मोठा आहे, आणि त्याच्या उत्तरात मुंबईचा वाटा आहे. तंबाखूमुळे आपल्याकडे तोंडाचे आणि घशाचे कॅन्सर अफाट आहेत. त्यात रेडिएशनसोबत सिस्प्लॅटिन देतात. त्रास कमी व्हावा म्हणून अनेक ठिकाणी शरीराच्या दर चौरस मीटरमागे १०० मिलिग्रॅम तीन आठवड्यांतून एकदा देण्याऐवजी ३० मिलिग्रॅम दर आठवड्याला देत. परळच्या टाटा मेमोरियलने ३०० रुग्णांवर दोन्हींची रीतसर तुलना केली आणि २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. दोन वर्षांनी रोग मूळ जागी आणि आसपास आटोक्यात होता असे रुग्ण मोठ्या डोसमध्ये ७३ टक्के, साप्ताहिक डोसमध्ये ५८ टक्के. मोठ्या डोसचा त्रासही जास्त होता. नंतर जपानमधल्या चाचणीत शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांमध्ये आठवड्याला ४० मिलिग्रॅम डोस मोठ्या डोसच्या तोडीचा ठरला. ‘ज्याला जे मानवलं ते’ या भरवशावर असं उत्तर कधीच मिळालं नसतं.

सोन्याची वाट वेगळी आहे. १८९० साली रॉबर्ट कॉख यांनी सांगितलं की सोन्याचं सायनाइड क्षयाच्या जंतूंची वाढ रोखतं. ते काचेच्या भांड्यात खरं होतं, रुग्णाला त्याचा उपयोग झाला नाही. फ्रान्समधले जाक फॉरेस्टिए यांना आमवात (संधिवाताचा सांधे सुजवणारा प्रकार) क्षयाचाच भाऊबंद वाटत होता, म्हणून त्यांनी सांधे सुजलेल्या रुग्णांना सोन्याचे क्षार दिले आणि १९२९ साली त्याचा गुण येत असल्याचं लिहिलं. गृहीतक चुकलं होतं, सूज मात्र खरंच उतरत होती. पुढे अनेक दशकं सोन्याची इंजेक्शनं दिली गेली. १९८५ साली अमेरिकेत ऑरानोफिन ही गोळी आली. तोवर आमवातावर मेथोट्रेक्सेट हे दुसरं औषध स्थिरावत होतं, आणि त्याने सोन्याला मागे सारलं.

ऑरानोफिनमधला सोन्याचा अणू एका बाजूला फॉस्फरसला, दुसऱ्या बाजूला गंधकाला धरून असतो. शरीरात गेल्यावर तो नवं गंधक शोधतो, सेलेनियम मिळालं तर आणखी खूश. थायोरेडॉक्सिन रिडक्टेज नावाच्या एका विकराच्या (एन्झाइमच्या) कामाच्या जागीच सेलेनियम असतं. सोनं तिथे बसलं की ते विकर बंद पडतं. सूज पेटती ठेवणारे संदेशही सोन्यामुळे मंदावतात. कॅन्सरच्या पेशी भराभर वाढताना ऑक्सिडीकरणाचा जो मारा सोसतात, तो निभावायला त्यांना हेच विकर लागतं. म्हणून ऑरानोफिनची कॅन्सरसाठीही चाचणी होत आली आहे. कॅन्सरचं औषध म्हणून त्याला मान्यता नाही.

सुवर्णभस्मात सोनं बहुतांशी धातुरूपातच, अतिसूक्ष्म कणांच्या स्वरूपात असतं. ऑरानोफिनचा पुरावा त्याला लागू पडत नाही, जसा सिस्प्लॅटिनचा पुरावा ट्रान्सप्लॅटिनलाही लागू पडत नाही. तांब्याच्या कड्याची तर थेट परीक्षा झाली आहे. ब्रिटनमध्ये आमवाताच्या ७० रुग्णांना तांब्याचं कडं, चुंबकाचे मनगटी पट्टे आणि चुंबकत्व काढून टाकलेला पट्टा आलटून पालटून घालायला दिले. २०१३ साली निष्कर्ष आला, की तांब्याच्या कड्याने ना दुखणं कमी झालं ना सूज. कडं निदान निरुपद्रवी आहे. अमेरिकेत दुकानांतून विकत घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचं २००४ साली प्रसिद्ध झालं. ते निरुपद्रवी नाही.

‘सोमलाने ब्लड कॅन्सर बरा होतो’ हेही ऐकायला मिळतं. सोमल म्हणजे आर्सेनिक, तसा उपधातू. चीनमधल्या हार्बिन शहरात १९७०च्या दशकात त्याच्या ऑक्साइडचे प्रयोग झाले, २०००मध्ये अमेरिकेने त्याला मान्यता दिली, आणि आज कमी जोखमीच्या एका विशिष्ट ल्युकेमियात ते ‘अ’ जीवनसत्त्वाच्या एका रूपासोबत देऊन नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात. त्या एकाच ल्युकेमियात, कारण तो गुणसूत्र १५ आणि १७ यांचे तुकडे अदलाबदल होऊन तयार झालेल्या प्रथिनावर जगतो, आणि आर्सेनिक त्याच प्रथिनाच्या गंधकाला धरून त्याचा नाश घडवून आणतं. रक्ताच्या इतर कॅन्सरमध्ये हे प्रथिन नसतं.

रुथेनियम या धातूची संयुगं गेली काही दशकं बातम्यांत आहेत. नामी-ए नावाचं एक संयुग माणसांवरच्या चाचणीपर्यंत पोचलं आणि पुढे सरकलं नाही. दुसरं एक मूत्राशयात सोडून, तिथेच प्रकाश पाडून जागं करायचं, अशी चाचणी चालली आहे. ‘नव्या संयुगाने कॅन्सरच्या पेशी मारल्या’ अशी बातमी वाचलीत तर कुठल्या पेशी ते आधी बघा. काचेच्या बशीतल्या पेशी ब्लीचनेही मरतात.

आणि घरात कुणाचं सिस्प्लॅटिन सुरू असेल आणि ते सोबत कुठलंही भस्म, काढा किंवा दुखण्याची गोळी घेत असतील, तर ते पुढच्या डोसच्या आधी डॉक्टरांना सांगा. शक्य असेल तर डबी किंवा पाकीटच घेऊन जा. किडनीवर आधीच ताण असतो, आणि किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन वाढलं तर डोस कमी करावा लागतो किंवा पुढे ढकलावा लागतो.