लाल दिव्यांपासून पहिल्या वळणापर्यंत

६ जून २०२१. अझरबैजानमधल्या बाकू शहराच्या रस्त्यांवर, मध्येच थांबवलेली फॉर्म्युला वन शर्यत पुन्हा सुरू होत होती. उरल्या होत्या फक्त दोन फेऱ्या. लुईस हॅमिल्टन दुसऱ्या जागेवर उभा. सुरुवातीचे लाल दिवे विझले, त्याची गाडी पुढच्या सर्जिओ पेरेझपेक्षा चांगली सुटली, पहिल्या वळणाआधीच दोघे बरोबरीला आले. हॅमिल्टनने ब्रेक दाबला आणि पुढच्या चाकांतून धुराचा लोट उठला. गाडी वळलीच नाही, सरळ बाहेरच्या मोकळ्या रस्त्यात शिरली. सात वेळा जगज्जेता ठरलेला हा ड्रायव्हर त्या दिवशी पंधरावा आला.

पेरेझला चुकवताना त्याचा हात स्टीअरिंगवरच्या एका बटणाला लागला होता. ते बटण दाबलं की ब्रेकचा जवळजवळ सगळा जोर पुढच्या चाकांवर जातो. असलं घातक बटण गाडीत ठेवलंय तरी कशाला? त्यासाठी सुरुवातीचं सगळं गणित बघावं लागतं.

पाच लाल दिवे सेकंदासेकंदाने पेटतात आणि मग एकदम विझतात. पेटल्यावर किती वेळाने विझतील ते दरवेळी बदलतं, त्यामुळे ठेका धरून निघता येत नाही. डोळ्याने पाहून हात हलायला साधारण ०.२ सेकंद लागतात. २०१७ साली ऑस्ट्रियात वाल्टेरी बोटासची गाडी इतकी झटकन निघाली की त्याने दिव्यांआधीच सोडली, असं सेबास्टियन व्हेटेलला वाटलं. नोंद निघाली ०.२०१ सेकंदांची. सुरुवात नियमातच होती.

पण प्रतिक्रियेच्या वेगाला आपण प्रेक्षक जरा जास्तच महत्त्व देतो, असं मला वाटतं. साधा हिशेब करू. सेकंदाला दहा मीटर प्रति सेकंद या दराने वेग वाढला, तर तीन सेकंदांत गाडी ताशी १०८ किलोमीटरवर पोहोचते आणि ४५ मीटर कापते. दिवे विझल्यावर ०.०५ सेकंद उशीर झाला, तर तिथे नुकसान दीड मीटरचं. आणि चाकं घसरून वेगवाढ दहा टक्क्यांनी कमी पडली, तर साडेचार मीटरचं, म्हणजे जवळपास एक गाडीभर. सुरुवात जिंकायची ती टायरच्या पकडीवर.

या गाड्यांत ताकद हवी त्यापेक्षा जास्तच असते. गाडीला खाली दाबणारी हवा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात काम करते, म्हणजे उभ्या गाडीवर तिचा दाब शून्य. तेव्हा सगळी भिस्त रबराच्या मोजक्या चौरस सेंटिमीटरवर. रबराची गंमत अशी, की चाक जमिनीपेक्षा थोडं जास्त, साधारण दहा टक्के, वेगाने फिरत असेल तेव्हा पकड सर्वांत चांगली मिळते. त्याहून जास्त फिरलं की चाक नुसतं गरगरतं. ही घसरण आवरणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेवर २००८ पासून बंदी आहे. स्टीअरिंगमागची क्लचची पट्टी ड्रायव्हर बोटाने सोडतो: नेमक्या बिंदूपर्यंत झटकन, पुढे हळूहळू. बुलेट चढावर उचलताना क्लच जिथे ‘धरतो’ तो क्षण आठवा, आणि तो दोन-तीन मिलिमीटरच्या फरकात साधायचा आहे, असं समजा.

थंड रबर पकडत नाही, थंड कार्बनचे ब्रेकही नीट लागत नाहीत. म्हणून सुरुवातीआधीच्या फेरीत ड्रायव्हर चाकं मुद्दाम घसरवतात, गाडी डावी-उजवी झुलवतात, ब्रेक दाबत राहतात. बाकूतलं ते बटण याचसाठी होतं. पुढचे ब्रेक तापवायचे, त्यांच्या उष्णतेने रिम आणि टायर तापवायचे. पहिल्या वळणाआधी जोरात ब्रेक दाबताना त्याच बटणाने पुढची चाकं जाम केली, आणि जाम झालेलं चाक गाडी वळवू शकत नाही.

कारण टायरची पकड एकाच घागरीतल्या पाण्यासारखी असते. ब्रेकला जितकी वापराल तितकी वळायला कमी उरते. एकटा ड्रायव्हर ती वाटणी सावकाश, ओळखीच्या जागी करतो. पहिल्या वळणावर मात्र वीसेक जण एकाच वेळी ती करत असतात.

७ नोव्हेंबर २०२१, मेक्सिको सिटी. सुरुवातीपासून पहिलं वळण सुमारे ८०० मीटर लांब. तिसऱ्या जागेवरून निघालेल्या मॅक्स व्हरस्टॅपेनला आधी बोटासच्या मागे विरळ, कमी अडवणारी हवा मिळाली, मग तो डावीकडे सरकला. हॅमिल्टन उजवीकडे, बोटास मधे, आणि बाहेरच्या बाजूला व्हरस्टॅपेन. वळण उजवं, म्हणजे बाहेरची वाट लांबची. पण नेहमी गाड्या जातात तो रबर बसलेला स्वच्छ पट्टा तोच होता आणि त्याचा वक्रही मोठा होता. आतल्या दोघांकडे धूळ आणि तीव्र वळण. व्हरस्टॅपेनने सर्वांत उशिरा ब्रेक दाबला आणि पुढे निघून गेला. लोकांनी त्याला धाडस म्हटलं. मला तो भूगोलाचा अचूक अभ्यास वाटतो.

मागे मात्र डॅनिएल रिकार्डोची गाडी बोटासला लागली आणि बोटास गर्रकन फिरला. मधल्या गर्दीचं दुखणं वेगळंच असतं. समजा दोन गाड्यांत अर्ध्या सेकंदाचं अंतर आहे. ताशी ३०० किलोमीटरला ते सुमारे ४२ मीटर होतं. वळणावर वेग ७२ वर आला की तेच अर्धं सेकंद दहा मीटरचं उरतं, आणि त्यातले साडेपाच मीटर खुद्द गाडीच खाते. ट्रॅफिक जॅमच्या शेपटाकडे भरधाव येणाऱ्याची जी गत, तीच इथे. त्यात पुढच्या गाडीने ढवळलेल्या हवेत मागच्याचा खालचा दाब घटतो, म्हणजे ब्रेकसाठी पकडही कमी. शिवाय इतक्या खाली बसलेल्या ड्रायव्हरला शेजारी काय आहे ते छोट्या आरशांतूनच कळतं. म्हणून मधल्या फळीत अनुभवी ड्रायव्हर पुढच्या एकाच गाडीवर नजर खिळवत नाहीत. दोन-तीन गाड्यांपलीकडचा गोंधळ पाहून आधीच मोकळी बाजू ठरवतात.

बेल्जियममधल्या स्पाचं पहिलं वळण, ला सूर्स, अगदी जवळ आणि केसाच्या पिनेसारखं. २०१२ साली तिथे रोमां ग्रोजाँने हॅमिल्टनला मागे टाकलं असं समजून उजवीकडे गाडी घेतली. चाकाला चाक लागलं, ग्रोजाँची गाडी उडाली आणि फर्नांडो अलोन्सोच्या डोक्याजवळून गेली. ग्रोजाँवर पुढच्या शर्यतीची बंदी आली. २०१८ साली गाड्यांवर ड्रायव्हरचं डोकं वाचवणारी हेलो नावाची टायटॅनियमची कमान सक्तीची झाली, आणि त्याच वर्षी, त्याच वळणावर, निको ह्युल्केनबर्गने मागून अलोन्सोला धडक दिली. या वेळी अलोन्सोची गाडी हवेत उडाली आणि शार्ल लेक्लेर्कच्या गाडीवरून गेली. लेक्लेर्क स्वतःच्या पायांनी बाहेर आला. त्याच्या हेलोवर टायरच्या काळ्या खुणा उमटल्या होत्या.