विकाऊ घर पाहायला जाताना : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

छत्रपती संभाजीनगरच्या सिडको, गारखेडा किंवा सातारा परिसरातील जी जुनी घरे आम्ही आपल्याला दाखवतो, त्यांपैकी बहुतेक घरांत मालक अजून राहत असतात, त्यामुळे आपली भेट कोणाच्या तरी स्वयंपाकाच्या, पूजेच्या किंवा विश्रांतीच्या वेळेतच होते. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी १ ते ४ या वेळेत आम्ही भेट ठरवत नाही. इतर वेळी उशीर होणार असल्यास कृपया आधी फोन करावा. पहिल्या भेटीला घरची दोन-तीन माणसे पुरेत. मामा, साडू आणि बांधकामातले जाणकार मित्र यांना दुसऱ्या भेटीसाठी राखून ठेवावे.

चपला दाराबाहेर काढाव्यात. देवघर, स्वयंपाकघर आणि निजायची खोली विचारूनच पाहावी, व फोटोही परवानगीनेच काढावेत. भिंतीतले कपाट घरासोबतच मिळणार असले, तरी आज त्यात दुसऱ्याचे कपडे आणि कागदपत्रे आहेत. ते मालकांनाच उघडून दाखवण्याची विनंती करावी.

पाण्याविषयी मात्र संकोच बाळगू नये. आपल्या शहरात जायकवाडीचे पाणी नळाला रोज येत नाही, म्हणून पाणी किती दिवसांआड येते, हौद किती लिटरचा आहे, मे महिन्यात बोअर टिकते का, हे प्रश्न कोणीही गैर मानत नाही. फक्त नळाची धार पाहण्यासाठी साठवलेले पाणी सांडू नये. अर्ध्या बादलीत अंदाज येतो.

मालकांच्या तक्रारी सर्वाधिक येतात त्या बोलण्यावरून. ‘हे किचन तर पाडावेच लागेल’ किंवा ‘दार दक्षिणेला आहे, म्हणूनच विकत असतील’ असे आपण सहज बोलून जातो, आणि ज्यांनी वर्षानुवर्षे हप्ते फेडून ते घर उभे केले, ते आजोबा शेजारच्याच खोलीत बसलेले असतात. भिंतीला ओल दिसल्यास ती केव्हापासून आहे हे अवश्य विचारावे, परंतु त्यावरचा अभिप्राय बाहेर आल्यावर आम्हाला द्यावा. भावाची बोलणी आमच्या कार्यालयातच व्हावीत. दिवाणखान्यात सुरू झालेली घासाघीस आमच्या अनुभवात क्वचितच जुळली आहे. घरात भाडेकरू असल्यास त्यांच्याकडे किंमत किंवा ताब्याचा विषय काढू नये, कारण मालकांनी त्यांना सारे सांगितलेले असतेच असे नाही.

मालमत्ता पत्रक, इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या खरेदीचा गोषवारा), कराची पावती आणि लागू असल्यास गुंठेवारी (मंजुरीविना पाडलेल्या लहान भूखंडांची) नियमितीकरणाचे प्रमाणपत्र मालकांकडून मागवून आम्हीच आपल्याला दाखवू.

घर पसंत नसल्यास तसे दोन दिवसांत स्पष्ट कळवावे. आपल्या होकाराच्या आशेने मालक दुसऱ्या ग्राहकाला थांबवून ठेवतात.