डीएनएचे तुकडे वेगळे होतात ते पॉलिमरच्या गुंत्यामुळं

पेपरात बातमी येते, डीएनए रिपोर्टची प्रतीक्षा, आणि लोकं धरूनच चालतात की लॅबवाले मायक्रोस्कोपखाली डीएनए बघून सांगायलेत हा कोणाचा म्हणून. तसं नसतं. डीएनएच्या ठरावीक तुकड्यांची लांबी मोजतात. साधारण 50 मायक्रोमीटर पोकळीची काचेची नळी घ्यायची, दोन टोकांना हजारो व्होल्ट लावायचे, डीएनएवर ऋण भार असतो म्हणून तो धन टोकाकडं पळतो, इथपर्यंत दहावीचं विज्ञान पुरतं.

अडचण पुढंच आहे. डीएनएच्या साखळीत एक कडी वाढली की ऋण भाराचा एक फॉस्फेट वाढतो म्हणजे ओढ वाढते, पण तेवढ्याच मापात पाण्याचा विरोधही वाढतो, गुणोत्तर तेच राहतं, म्हणून नुसत्या द्रावणात 200 कड्यांचा तुकडा आन् 400 कड्यांचा तुकडा जवळपास बरोबरच पोचतात. मग मोजणार काय?

इथं पॉलिमर लागतं, म्हणजे छोट्या कड्या जोडून झालेला लांब साखळीचा रेणू. लिनिअर पॉलीॲक्रिलामाइडसारख्या लांब साखळ्या द्रावणात टाकल्या आणि प्रमाण एका मर्यादेपुढं गेलं की त्या एकमेकीत गुंततात, कुठंही पक्की गाठ नसताना जाळं तयार होतं. उभ्या तुरीच्या रानातनं ससा सुटतो अन् बैल अडकतो, तसं लहान तुकडा पुढं निघतो, मोठा मागं राहतो. जाळ्याची भोकं किती बारीक हे पॉलिमरच्या प्रमाणावर ठरतं, आणि ते जाळं किती वेळ टिकतं हे साखळीच्या लांबीवर, मला या सगळ्यात हेच सगळ्यात भारी वाटतं. भोकापेक्षा मोठा तुकडा गोळा होऊन जाऊच शकत नाही, तो उलगडतो आणि एक टोक पुढं घालून वळणावळणानं सरकतो, याला रेप्टेशन म्हणतात, फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ द जेन यांनी 1971 मध्ये मांडलेली कल्पना. पक्की गाठ नसल्यानं काम झालं की दाब देऊन जुनं पॉलिमर बाहेर, नवं आत. शिवाय काही पॉलिमर काचेला चिकटून बसतात, त्यामुळं काचेच्या भारापायी उलट्या दिशेनं वाहणारं द्रावणही थांबतं.

 

आता औषधं, तीही अशाच नळीत तपासतात. संभाजीनगरजवळ वाळूज, चिकलठाण्याला औषधाचे कारखाने आहेत, तिथल्या लोकांना हे जवळचं वाटेल. एएमपी, एडीपी, एटीपी हे पेशीतले एक, दोन, तीन फॉस्फेटचे रेणू, त्यांच्यावर भार वेगवेगळा, ते आपोआप वेगळे होतात. पण औषधाचे रेणू इतके छोटे की जाळ्याची भोकं त्यांना अडवतच नाहीत, इथं पॉलिमर चिकटून काम करतं, हायड्रोजन बंधानं जो रेणू जास्त धरला जातो तो मागं पडतो. सर्दीच्या सेटिरिझिनमध्ये एकमेकांची आरशातली प्रतिमा असलेले दोन रेणू असतात, लेव्होसेटिरिझिनमध्ये त्यातला एकच. भार तोच, वजन तेच. अशा जोड्यांसाठी ग्लुकोजच्या कड्यांचं गोल, मधे पोकळ असं सायक्लोडेक्स्ट्रिन घालतात, कधी ते पॉलिमरमध्ये गुंफूनही, आणि त्याच्या पोकळीत दोघांपैकी एक जास्त घट्ट बसतो, तेवढ्या फरकावर दोघं नळीतनं वेगवेगळ्या वेळी बाहेर येतात.