कोड त्याच जागी परत का येते?

माझ्या मावसबहिणीच्या डाव्या मनगटावर आणि बोटांवर कोडाचे पांढरे डाग आहेत. गेल्या आठवड्यात आम्ही दोघी नागपुरात महाल भागातल्या बुधवार बाजारात भाजी घ्यायला गेलो होतो. एरवी ती पैशांचा व्यवहार उजव्या हाताने करते आणि डावा हात पिशवीच्या बंदांत गुंतवून ठेवते. त्या दिवशी उजव्या हातात जड पिशवी असल्यामुळे तिने डावा हात पुढे केला, तेव्हा भाजीवालीने सुटे पैसे तळहातावर न देता पोत्यावर ठेवले. बहिणीने एकेक नाणे निमूटपणे उचलले. त्याच रात्री नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर, मासे खाऊन दूध प्यायल्याने कोड फुटते, असा संदेश फिरत होता.

ज्या घरांत पिढ्यानपिढ्या मासे शिजलेले नाहीत, त्या घरांतही कोड आढळते, एवढे उत्तर त्या संदेशाला पुरेसे आहे. कोड संसर्गजन्य नाही आणि तो कुष्ठरोगही नाही. कुष्ठरोग जंतूंमुळे होतो आणि त्याच्या चट्ट्यावरची संवेदना बहुधा कमी झालेली असते. कोडाच्या डागावर मुंगी चढली तरी कळते. मात्र ‘कोड’ हा शब्दच ‘कुष्ठ’पासून आला आहे, आणि आनंदवन व दत्तपूर या कुष्ठरुग्णांच्या वसाहती ज्या विदर्भात उभ्या राहिल्या तिथे ही गल्लत फार खोलवर रुजलेली आहे. तसे पाहिले तर नाणी हातात दिल्याने कुष्ठरोगही होत नाही.

मग कोडात घडते तरी काय? त्वचेच्या बाह्यस्तराच्या तळाशी रंगपेशी असतात. एकेक रंगपेशी आपल्या फांद्यांमधून सभोवतालच्या सुमारे ३६ त्वचापेशींना मेलॅनिन पुरवते. कोडात शरीराच्याच रोगप्रतिकार यंत्रणेतल्या ‘टी’ पेशी या रंगपेशींना परके समजून मारतात आणि त्या वेळी इंटरफेरॉन-गॅमा नावाचे प्रथिन सोडतात. आता गंमत पाहा: हा निरोप शेजारच्या सामान्य त्वचापेशींना मिळतो, आणि त्या सीएक्ससीएल-१० हे रसायन स्रवून आणखी ‘टी’ पेशींना तिथेच बोलावून घेतात. म्हणजे ज्या पेशींवर हल्ला झालेलाच नाही, त्याच हल्लेखोरांना वाट दाखवतात. हल्ला ओसरला तरी काही ‘टी’ पेशी ‘स्मृतिपेशी’ म्हणून त्वचेतच ठाण मांडून राहतात. उपचार थांबल्यावर डाग अनेकदा नेमका जुन्याच जागी परततो, तो त्यांच्यामुळे. इंटरफेरॉनचा निरोप पेशीच्या आत पोहोचवणाऱ्या ‘जॅक’ विकरांना अडवणारे रुक्सोलिटिनिब हे मलम अमेरिकेत जुलै २०२२ मध्ये कोडासाठी मंजूर झाले, ते याच साखळीच्या अभ्यासातून.

रंग परततो तो बहुधा केसांच्या मुळांतून, कारण रंगपेशींचा राखीव साठा तिथे शिल्लक असतो. म्हणूनच सुधारणा होताना डागात केसांभोवती तपकिरी ठिपके उमटतात, आणि जिथे केसच नाहीत अशी ओठ व बोटांची टोके हटून बसतात. शिवाय जिथे खरचटते किंवा सतत घर्षण होते, तिथे नवा डाग उठू शकतो. परकराची नाडी कमरेला काचते तिथेसुद्धा.

डाग दुखत नाही, सहसा खाजतही नाही, म्हणून ‘हे तर फक्त दिसण्यापुरते आहे’ असे घरचेच लोक म्हणतात, आणि ते मला मुळीच मान्य नाही. नवा डाग कुठे उठेल आणि गेलेला कधी परतेल हे कुणालाच सांगता येत नसल्यामुळे रोज सकाळी आरशासमोर स्वतःची तपासणी होते, आणि ती अनिश्चितता दिवसभर सोबत राहते. कोड असलेल्यांमध्ये नैराश्य आणि चिंता अधिक आढळतात, आणि हा त्रास डागाच्या आकाराच्या प्रमाणात असतोच असे नाही. चेहऱ्यावरचा किंवा हातावरचा रुपयाएवढा डाग पाठीवरच्या मोठ्या डागापेक्षा जड जाऊ शकतो. सावळ्या त्वचेवर तर तो दुरूनही दिसतो.

हा भार मोजण्यासाठी कार्डिफ इथे १९९४ मध्ये तयार झालेली १० प्रश्नांची एक प्रश्नावली त्वचारोगतज्ज्ञ वापरतात. तिच्यात गेल्या एका आठवड्याविषयी विचारतात आणि प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण असतात. खाज किंवा वेदना होते का, या पहिल्या प्रश्नाला माझ्या बहिणीने शून्य दिले. त्वचेमुळे कपड्यांची निवड बदलते का, याला तीन. ती सांगते, की मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की तिला बरे वाटते, कारण तेव्हा नागपुरातली प्रत्येक मुलगी चेहऱ्याला ओढणी गुंडाळून आणि हातमोजे घालूनच गाडी चालवते आणि तिच्याकडे कुणी वेगळ्या नजरेने पाहत नाही. पहिला पाऊस पडला, की सगळ्यांचे हातमोजे उतरतात.

सध्या ती आठवड्यातून दोनदा ३११ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांचा उपचार घेते. मनगटावर तपकिरी ठिपके दिसू लागले आहेत. बोटांच्या टोकांवर अजून नाहीत.