पवन मावळातल्या वाटा : सायकल नेण्याआधी हे वाचा

कामशेत स्टेशनावरून आमच्या भाड्याच्या सायकलींच्या दुकानात येणाऱ्या बहुतेकांनी मोबाइलवर एक रेघ आधीच आखून आणलेली असते. नकाशावर ती सुंदर दिसते. जमिनीवर ती कुणाचा तरी बांध असते, गुरांची वाट असते, नाहीतर दोन वाड्यांमधली पाणंद असते. आम्ही तुम्हाला ज्या वाटांवर पाठवतो त्यांतली एकही सायकलसाठी केलेली नाही. ज्यांच्या त्या वाटा आहेत त्यांची शेतीची कामं जशी पुढे सरकतात, तशा आमच्या फेऱ्या सुरू होतात आणि थांबतात. दुकानातल्या फळ्यावर रोज सकाळी जे लिहिलेलं असतं ते याच हिशेबाने. फळ्यावर ‘बंद’ लिहिलेली वाट जास्त पैसे दिले म्हणून उघडत नाही. का, ते आधी सांगतो.

बांधाचं काय ते

मावळात भात होतं ते खाचरात. उतारावर पायऱ्यांसारखी खाचरं, प्रत्येकाला मातीचा बांध, आणि वरचं पाणी खाली उतरायला ठरलेली एक जागा. जुलैत लावणी झाली की हे पाणी रोपांच्या पायाशी उभं राहायला हवं. खेकडे बांधात बिळं करतात, म्हणून शेतकरी भर पावसात इरलं किंवा प्लॅस्टिक डोक्यावर घेऊन बांधावरून फिरतात आणि ती बुजवतात. अशा ओल्या बांधावरून सायकल गेली की बोटभर खोल चर पडते. मागची सायकल त्याच चरीत शिरते. रात्री मोठी सर आली की पाण्याला ती आयती वाट मिळते आणि सकाळी बांध फुटलेला असतो.

धंद्याच्या पहिल्याच पावसाळ्यात आमच्या हातून हे घडलं. आठ जणांना घेऊन आम्ही एका बांधावरून गेलो. दुसऱ्या दिवशी त्या शेताचे मालक, सत्तरीचे आजोबा, दुकानात आले. भांडले नाहीत. ‘चला, दाखवतो’ एवढंच म्हणाले. तीन खाचरं रिकामी झाली होती आणि खालच्या खाचरातली रोपं गाळाखाली आडवी पडली होती. आम्ही फावडी घेऊन बांध घातला, पण वाहून गेलेलं खत परत येत नाही. तेव्हापासून मृग लागल्यापासून भात कापून खळ्यावर येईपर्यंत, म्हणजे साधारण नोव्हेंबर सरेपर्यंत, बांधावर सायकल चढवायची नाही. त्या दिवसांत डांबरी आणि मुरमाचे रस्ते तुमचे. कापणीनंतरही काही खाचरांत ओलीवर हरभरा, मसूर, वाल असतो. ती आम्ही नकाशावर लाल करून देतो.

कुठली वाट केव्हा

लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि पुण्यात सातशेच्या आसपास. पवना नदीचं खोरं, म्हणजेच पवन मावळ, या दोन्हींच्या मधे पश्चिम-पूर्व पसरलेलं आहे. त्यामुळे पावसाळ्यानंतर वाटा पूर्वेकडून सुकत जातात. बेडसे, करूंज, कडधे हा भाग आधी मोकळा होतो. तिकोना पेठ, जवण त्यानंतर. तुंग किल्ल्याची बाजू आणि दुधिवरे खिंडीचा परिसर सगळ्यात शेवटी. ऑक्टोबरात तुंगला जायचं म्हणून हट्ट धरणाऱ्यांना आम्ही बेडशाला पाठवतो, ते याच कारणाने.

पहिल्यांदा येणाऱ्याने बेडशाचीच वाट घ्यावी. चढ बेताचा आहे. लेणी पाहायची तर सायकल पायथ्याशी कुलूप लावून ठेवा आणि पायऱ्या चढून जा. चैत्यगृहाच्या दर्शनी खांबांवर हत्ती-घोड्यांवर बसलेली जोडपी कोरलेली आहेत. ती सकाळच्या उन्हात पाहिलीत तर परतीची घाई आपोआप कमी होईल.

आमची आवडती वाट मात्र तिकोना पेठेतून जवण, मोरवे, चावसर करत तुंगच्या पायथ्याला जाणारी. डावी-उजवीकडे कधी पवना धरणाचं पाणी दिसतं, कधी नुसती झाडी. सह्याद्रीचा कातळ थराथराने रचलेला आहे. कठीण थराचे कडे होतात आणि त्यांच्यामधल्या मऊ थरांच्या जागी सपाट पट्टे उरतात. वाड्या, शेतं आणि जुन्या वाटा त्याच पट्ट्यांवर आहेत. एकदा पट्टा गाठला की बरंच अंतर फारसा चढ न लागता कापता येतं. दम लागतो तो एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर जाताना. म्हणून गिअर चढाच्या आधी हलका करा, मध्यावर जोर लावून बदलू नका. आमच्याकडे तुटून आलेल्या बहुतेक चेन अशाच तुटलेल्या असतात.

मळवलीहून भाजे, गायमुख खिंड, लोहगडवाडी आणि पुढे दुधिवरे खिंडीतून पवनेकडे उतरणारी फेरी ही सवय असलेल्यांसाठी. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी तिथे माणसांचा आणि गाड्यांचा लोंढा असतो, तेव्हा आम्ही कुणालाच पाठवत नाही. लोहगड 2025 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. गडाच्या पायऱ्यांवर सायकल उचलून नेऊन फोटो काढण्याची टूम सध्या आहे. कृपया आमची सायकल त्यासाठी वापरू नका.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी ओसरलं की काठचा गाळ उघडा पडतो आणि पाण्याखाली असलेलं वाघेश्वराचं जुनं मंदिर दिसू लागतं. ते पाहायला जरूर जा, पण भेगाळलेल्या गाळावर सावध राहा. भेग चाकाच्या दिशेने आली की टायर तिच्यात अडकतो आणि माणूस पुढे फेकला जातो. पाण्याजवळ वरची खपली वाळलेली असली तरी खाली चिखल असतो, तिथे पायी जा. पाण्यात मात्र कुणीही, कितीही पोहता येत असलं तरी, उतरू नये. काठ अचानक खोल होतो आणि पाय गाळात रुततात.

सायकल आणि तुम्ही

आम्ही पुढे सस्पेन्शन आणि मागे ताठ सांगाडा असलेली हार्डटेल देतो. इथल्या चढांना ती पुरते आणि बिघडली तर वाटेत दुरुस्त होते. टायर ट्यूबलेस आहेत आणि आत सीलंट, म्हणजे भोक बुजवणारा द्रव, आहे. बाभळीचा काटा घुसला तर उपटू नका, चाक फिरवून काटा खाली आणा, मग काढा आणि थोडं थांबा. सीलंट भोकाशी जमून ते बुजतं. हवा तुमचं वजन विचारून आम्ही भरतो. ती मुद्दाम कमी असते, म्हणजे टायर दगडाला धरून राहतो. पेट्रोल पंपावर टणक करून घेऊ नका.

फेब्रुवारी-मार्चमध्ये वणव्यात जळालेल्या उतारांवर जाऊ नका. झुडपांचे जळके खुंट सुळ्यासारखे उभे असतात आणि टायरची बाजूच फाडतात. तिथे सीलंटचा उपयोग नाही.

उतारावर दोन्ही ब्रेक एकेका बोटाने, थोडे थोडे, एकत्र दाबा. मागचं चाक घसरवत नेण्यात मजा वाटते खरी, पण त्याने वाट खरवडली जाते आणि पुढच्या पावसात तिथे ओहोळ होतो. हेल्मेट सक्तीचं आहे. मार्चपासून प्रत्येकी तीन लिटर पाणी लागतं. डोंगर पश्चिमेला असल्याने खोऱ्यात ऊन लवकर जातं, तेव्हा साडेचारला परतीला लागा. काही वळणांवर मोबाइलला रेंज नसते. अपघात झालाच तर रेंज मिळेल तिथून आधी 108, मग आम्हाला.

वाटेतली माणसं

समोरून गुरं आली तर उतरा आणि डोंगराच्या बाजूला उभे राहा. दरीच्या बाजूला उभे राहिलात तर बिचकलेली म्हैस तुम्हाला खाली ढकलू शकते. कुत्रं मागे लागलं तर सायकल पळवू नका, उतरून ती तुमच्या आणि कुत्र्याच्या मधे धरून चाला. घंटी वाजवून म्हाताऱ्या माणसाला वाटेतून बाजूला करू नका. ‘मामा, जाऊ का पुढं?’ असं विचारलं की वाट तर मिळतेच, पुढचा ओढा कसा आहे तेही कळतं.

जेवायचं असेल तर आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत सांगा. तिकोना पेठेतल्या एका घरी पिठलं-भाकरी आणि इंद्रायणीचा भात मिळतो. हा वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झाला. वाफाळता भात पुढ्यात आला की सुगंध आधी येतो. पैसे त्या मावशींच्या हातात द्या, आमच्याकडे नाही.

परत येताना सायकल ओढ्यात धुऊन आणू नका. ब्रेकच्या चकत्या आणि बेअरिंग यांत पाणी शिरतं, शिवाय चेनचं तेल ओढ्यात जातं. आणि आम्हाला ती माती बघायची असते. टायरवर सुकी लाल धूळ आहे की काळा चिकट चिखल, हे पाहून दुसऱ्या दिवशीचा फळा लिहिला जातो. कुठे थांबलात, कुठे घसरलात, कुणी काय सांगितलं, तेही दोन मिनिटं बसून सांगा. चहा आमच्याकडून.